जिनाच्या दारात उशिरा आलेला निरीक्षक

कारखान्यांच्या नियमांच्या पुस्तकात कापसाच्या जिनांसाठी एक छोटा नियम आहे. जिनाचा मुख्य शाफ्ट जमिनीच्या पातळीखाली असेल, तर त्याच्याभोवती सलग भिंत हवी किंवा चढून जाता येणार नाही असं कुंपण हवं. सरकी काढायला, साफसफाईला आणि तेल द्यायला लागतील तेवढीच दारं ठेवायची. ती बंद ठेवायची आणि त्यांना कुलूप लावायचं.

जुनं जिन आतून पाहिलेल्याला या नियमाचा अर्थ लगेच कळतो. वर रेच्यांची, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची रांग, त्यांच्यासमोर कापूस भरणाऱ्या बाया. खाली भुयारासारख्या अरुंद गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणारा लोखंडी शाफ्ट, आणि प्रत्येक रेच्याकडे वर गेलेला पट्टा. रुई वर राहते, सरकी खाली पडते. पडलेली सरकी ओढायला कुणीतरी त्या गल्लीत उतरणारच. अंधार, डोळ्यांत तूस आणि हाताच्या अंतरावर शाफ्ट. लुगड्याचा पदर त्याला एकदा लागला की सोडवायला वेळ मिळत नाही. पट्टा मोटारीवर असो की वाफेच्या इंजिनावर, यंत्र थांबवणारा माणूस वर दुसऱ्या टोकाला असतो आणि गोंगाटात खालची हाक त्याच्यापर्यंत जात नाही. तेव्हा कुलूप हवं, आणि किल्ली गल्लीत उतरणाऱ्याकडे नको, शाफ्ट बंद करणाऱ्याकडे हवी.

असा नियम कुणी कचेरीत बसून सुचवत नाही. तो कुणीतरी मेल्यावर लिहिला जातो. या कुलपापर्यंत पोहोचायला सरकारी निरीक्षकाला किती वर्षं लागली, आणि कुलूप लागल्यावर माणसं कुठे मरू लागली, हीच वर्धा जिल्ह्यातल्या कारखाना निरीक्षणाची वाटचाल आहे.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याच्यामागे मुंबईचे सोराबजी शापूरजी बंगाली यांची खटपट होती, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची आपल्याकडच्या स्वस्त मजुरीविषयीची पोटदुखीही होती. दोन्ही खरं. कायदा मात्र अगदीच तोकडा निघाला. शंभरांहून कमी माणसं असतील तर लागू नाही, आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारा कारखाना असेल तरी लागू नाही. ही दुसरी सूट वाचली की वर्ध्याचा माणूस हसेल. कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागतो आणि होळीच्या सुमाराला गंजी उतरणीला लागते. जिनाचा भराचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. म्हणजे हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगाव इथल्या जिनांना कायद्याने दारातच सोडून दिलं. हिंगणघाटची कापड गिरणी त्याच सुमाराला उभी राहिली होती. ती कायद्यात आली. तिला कापूस पुरवणारी जिनं बाहेर राहिली.

जिनात काय चालतं हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. १८८२ साली इंग्लंडहून मीड किंग नावाचे निरीक्षक सहा महिन्यांसाठी मुंबईला आणले गेले आणि कायदा अपुरा आहे असं सांगून गेले. पुढे १८८४-८५ च्या मुंबईतल्या चौकशी आयोगापुढे खानदेशातल्या जिनांची हकिकत आली. हंगामाच्या भरात बायाबापड्या दिवसरात्र राबतात, झोपेला तास-दोन तास मिळाले तर मिळाले. त्याच वेळी नारायण मेघाजी लोखंडे परळला गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार करत होते. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, अशा त्यात मागण्या होत्या. रविवार त्यांना १८९० साली मिळाला. पण लोखंड्यांच्या मागे गिरणगाव होतं. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या जिनातली मजुरीण हंगामापुरती गावाहून येणारी, पुढच्या वर्षी येईल की नाही याची खात्री नसलेली. तिच्या सह्या कोण गोळा करणार?

मध्य प्रांतात तेव्हा निरीक्षक म्हणून वेगळा माणूसही नव्हता. कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यालाच पदसिद्ध निरीक्षक करून ठेवलं होतं. महसूल, दुष्काळ, दंगेधोपे आणि वेळ उरला तर कारखाने. ही तरतूद पुढच्या प्रत्येक कायद्यात तशीच उतरत आली. १९४८ च्या कायद्यानुसारही प्रत्येक जिल्हादंडाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरता कारखाना निरीक्षक होता. वर्ध्याच्या कलेक्टरसाहेबांना जिनाच्या आत शिरून शाफ्टचं कुलूप तपासण्याचा पूर्ण अधिकार होता, हे जिल्ह्यातल्या किती कामगारांना कधी माहीत झालं असेल, कोण जाणे.

१८९१ साली माणसांची मर्यादा शंभरावरून पन्नासावर आली. चार महिन्यांच्या आत चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ साली. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी निरीक्षक जिनाच्या दारात पोहोचला. तिथेही रात्रपाळीत बायका नकोत या नियमातून जिनिंग-प्रेसिंगला सूट दिली गेली, कारण हंगाम थांबत नाही. या धंद्याची ही कायमची सबब. हंगाम थांबत नाही, म्हणून यंत्र थांबत नाही आणि म्हणून कुलूप उघडं राहतं.

१९२२ च्या दुरुस्तीने वीस माणसं आणि यंत्रशक्ती असा निकष आला. पण माझ्या मते जिनांच्या दृष्टीने खरी कलाटणी दिली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तोवर मजुराचा हात गेला तर मालक मनात आलं तर काही देई. नागपूरच्या टाटांच्या एम्प्रेस मिलने १८९५ सालीच अपघाताच्या भरपाईची व्यवस्था केली होती, पण एम्प्रेस मिल एकच होती. १९२४ नंतर तुटलेल्या हाताला कायदेशीर किंमत आली. अपघात कळवणं, नोंदवणं, त्याची कारणं शोधणं याला अर्थ आला, कारण त्या कागदावर पैसे अवलंबून होते. दयेपेक्षा खर्चाची धास्ती मालकाला लवकर शहाणं करते, हे निरीक्षकांच्या पिढ्या ओळखून असाव्यात.

मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ साली अहवाल दिला आणि त्यातून १९३४ चा कारखाना कायदा आला. त्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले, बारमाही आणि हंगामी. बारमाहीला दिवसाचे दहा तास, आठवड्याचे चोपन्न. हंगामीला अकरा आणि साठ. जिनं पुन्हा वेगळ्या पंगतीला बसली, पण पंगतीत तरी बसली. याच वर्षाच्या शेवटी वर्ध्यातच अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाचे जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत घाणी आणि हातकागदाचे प्रयोग करत होते, आणि त्याच गावातल्या जिनांत मध्य प्रांताचा निरीक्षक साठ तासांचा हिशेब तपासत होता. एका गावात उद्योगाकडे पाहण्याच्या अशा दोन नजरा एकाच वेळी असणं, हे वर्ध्यालाच जमतं. मध्य प्रांताने १९३७ साली विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या, कारखाना कायद्याबाहेरच्या धंद्यांसाठी वेगळा कायदाही केला. यंत्र नसलेल्या खोलीतही माणूस आजारी पडतो, हे मान्य करणारं त्या काळातलं हे एक धाडसी पाऊल होतं.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला आणि पुढची पाऊणशे वर्षं निरीक्षकाच्या पिशवीत तोच राहिला. त्याने हंगामी-बारमाही हा भेद मोडला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास जिनालाही आणि गिरणीलाही. कलमांची भाषा रुक्ष आहे, पण एकेका कलमामागे एकेक जागा दिसते. कलम २१ यंत्राच्या कुंपणाचं. कलम २२ चालत्या यंत्राजवळ जाण्याचं. जायचंच असेल तर प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच जावं, त्याचं नाव नोंदवहीत असावं, आणि त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, तेही मालकाने दिलेले. धोतराच्या सोग्याचा हिशेब कायद्याने असा चुकता केला.

कलम २७ तर जणू वर्ध्यासाठीच लिहिलं होतं. कापूस दाबण्याच्या कारखान्यात जिथे कॉटन ओपनर चालतो, त्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवायला मनाई होती. ओपनर म्हणजे दाबून बसलेली रुई पिंजून मोकळी करणारं, काटेरी ढोलाचं यंत्र. रुईत खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी, आणि ठिणगी पडली की सुटी रुई बारुदासारखी पेटते. मात्र कापूस भरायचं टोक आणि रुई बाहेर पडायचं टोक यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षक सांगेल तेवढ्या उंचीपर्यंत भिंत असेल, तर भरायच्या बाजूला बायकांनी काम करायला हरकत नव्हती. भिंत किती उंच हवी हे ठरवायचं काम कायद्याने निरीक्षकावर सोडलं. संपूर्ण कायद्यातली मला सर्वांत आवडती तरतूद हीच. मजुरिणीचा रोजगार आणि तिचा जीव, दोन्ही त्या भिंतीच्या उंचीवर अवलंबून, आणि ती उंची ठरवणारा माणूस प्रत्यक्ष जागेवर उभा राहिल्याशिवाय ठरवू शकत नाही.

धुळीच्या बाबतीत मात्र कायदा लिहिण्यात पुढे आणि अंमलात मागे राहिला. कलम १४ धूळ-धूर शोषून घेण्याची व्यवस्था मागत होतं. कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं; वर्षं गेली की दुसऱ्या दिवशीही बरं वाटत नाही. गिरणीत निदान कामगार विमा योजनेचा (ईएसआय) दवाखाना आला. ती योजना १९५४ साली नागपुरात सुरू झाली. जिनातल्या हंगामी बाईचा खोकला तिच्याबरोबर गावाला गेला आणि तिथे त्याचं नाव दमा पडलं. रेच्याच्या रोलरवरच्या क्रोम कमावलेल्या चामड्याची भुकटीही त्याच धुळीत मिसळते. म्हणून कापूस तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी क्रोमविरहित रोलरचा पर्याय पुढे आणला. ही सुधारणा निरीक्षकाने नव्हे, संशोधकाने केली, हे नोंदवायला हवं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि निरीक्षकाची कचेरी बदलली. महाराष्ट्र राज्याने १९६३ साली कारखाने नियम केले. मुख्य कारखाने निरीक्षकाच्या कचेरीचं पुढे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय झालं. मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, वर्ध्याचा कारभार नागपूरहून. पुढे एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात गंमत अशी झाली की जिनात येणारा कापूस सरकारचा, निरीक्षक सरकारचा आणि घाई मात्र जुनीच. त्या काळात सरकारी कापसाच्या गंज्या पेटल्याच्या बातम्या विदर्भाने किती वाचल्या, ते इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मग भोपाळची वायुगळती झाली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. त्यानंतर १९८७ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने मालकाच्या जबाबदारीची व्याख्याच बदलली. तोवर कायदा म्हणत होता, अमुक ठिकाणी कुंपण घाला, तमुक ठिकाणी बादल्या ठेवा. १९८७ पासून कलम ७-अ ने म्हटलं, कामगार कामावर असताना त्याची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण सांभाळणं हेच मालकाचं कर्तव्य. यंत्र कोणतं, जागा कोणती, या यादीपुरतं ते उरलं नाही. धोकादायक उद्योगांत सुरक्षा समिती सक्तीची झाली, कामगारांना धोक्याची माहिती देणं सक्तीचं झालं, आणि समोर संकट दिसत असेल तर ते व्यवस्थापनाला सांगण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, हेही तेव्हाच लिहिलं गेलं. तोवर वर्धा, देवळी, हिंगणघाट इथे औद्योगिक वसाहती उभ्या राहत होत्या. पुढे भूगावला पोलाद आलं. जिनाच्या शाफ्टपेक्षा फार मोठ्या ताकदीची यंत्रं जिल्ह्यात आली, आणि यादीचा कायदा सर्वसाधारण कर्तव्याचा कायदा झाला, तेही त्याच काळात.

एवढं सगळं कागदावर आल्यावरचं वर्ध्याचं चित्र पाहू.

३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं आग विझवताना गेली. पाचच दिवसांपूर्वी डोंबिवलीत प्रोबेस कंपनीचा स्फोट होऊन बारा जण गेले होते. राज्याच्या दोन टोकांना एका आठवड्यात दोन स्फोट, पण पुलगावचं भांडार संरक्षण खात्याचं, तिथे राज्याच्या निरीक्षकाला वाट नाही.

दोन वर्षांनी त्याच भांडाराजवळ, सोनेगाव आबाजीच्या शिवारात, जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी स्फोट झाला. जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेले जुने गोळे तिथे जमिनीत पुरून उडवले जात होते. सहा जण गेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले, ठेकेदाराने रोजंदारीवर बोलावलेले मजूर. काम खड्डे खणण्याचं आणि पेट्या वाहण्याचं.

त्यांच्या कामाला काय म्हणायचं? कारखाना कायद्यातली ‘उत्पादन प्रक्रिया’ची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. त्यात वस्तू तयार करणं तर आहेच, पण विल्हेवाट लावण्याच्या हेतूने ती फोडणं, मोडणं हेही आहे. म्हणजे वकिलाला युक्तिवाद करायला जागा आहे. पण मैदान हे कारखान्याचं आवार नव्हे, मालक संरक्षण खातं, पाठवणारी आयुध निर्माणी, मजूर ठेकेदाराचे आणि ठेकेदाराचं काम फक्त खड्ड्याचं. प्रत्येक दुव्यावर कुणीतरी म्हणू शकतं, हा माझा माणूस नाही. जिनाच्या भुयारातली बाई १९११ पर्यंत जशी कायद्याच्या व्याख्येबाहेर होती, तसेच २०१८ साली सोनेगावच्या शिवारातले मजूर. एकशे सात वर्षांनी व्याख्येची कुंपणं हलली होती, पण गरीब माणूस नेमका कुंपणापलीकडेच उभा होता.

२०२१ च्या फेब्रुवारीत भूगावच्या पोलाद कारखान्यात भट्टीजवळच्या अपघातात अडतीस कामगार भाजले. भट्टी बंद ठेवून देखभाल चालू असतानाची ही घटना. कारखान्यातल्या जुन्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, चालत्या यंत्रापेक्षा बंद यंत्राची भीती जास्त. चालू असताना सगळे सावध असतात. बंद असताना बाहेरचे मजूर येतात, त्यांना कुठे काय साचलंय ते माहीत नसतं, आणि शटडाऊनची मुदत ठरलेली असते. हंगाम थांबत नाही, हीच सबब इथे वेगळ्या पेहरावात उभी असते.

२०१५ नंतर निरीक्षण संगणकावर गेलं. कोणता कारखाना कधी तपासायचा हे प्रणाली ठरवते, मालकाने स्वतःच प्रमाणित केलं की भेटी कमी होतात. महाराष्ट्राने सुरक्षा परीक्षणाचे नियम करून मोठ्या व धोकादायक कारखान्यांचं परीक्षण तज्ज्ञांकडून करवून घेण्याची सक्ती केली, ते चांगलं झालं. निरीक्षकाची मनमानी आणि त्यामागचा व्यवहार यांना आळा बसावा, हा हेतूही समजण्यासारखा. पण ओपनरच्या भिंतीची उंची प्रणाली ठरवू शकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता लागू झाली. तेरा कायदे तिने पोटात घेतले. कारखान्याची मर्यादा यंत्रशक्ती असेल तर वीस, नसेल तर चाळीस. निरीक्षकाचं नाव आता निरीक्षक-नि-सुविधाकार. बायकांना कोणत्याही प्रकारच्या कामावर घेता येईल, रात्रीही, त्यांच्या संमतीने. त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची. म्हणजे ओपनरजवळची मनाई आता मालकाच्या कर्तव्यात रूपांतरित झाली आहे. हे रूपांतर बाईच्या फायद्याचं ठरेल की नाही, ते मालक भिंत पाडतो की उंच करतो यावरून कळेल. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगार दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, ठरावीक वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, याही गोष्टी त्यात आहेत.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कामाचा कागद नियुक्तिपत्र आहे. सोनेगावच्या मैदानावर खड्डा खणणाऱ्याच्या खिशात तो असता, तर हा माणूस कुणाचा, यावर वाद घालायला जागा उरली नसती. जिल्ह्यातल्या जिनमालकांना, ठेकेदारांना आणि मुकादमांना म्हणून एवढंच सांगणं आहे: येत्या हंगामात पहिली गाडी उतरण्याआधी प्रत्येक हमालाला, प्रत्येक मजुरिणीला नावाचा कागद द्या, शाफ्टच्या दाराचं कुलूप तपासा आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे ते त्याच भिंतीवर मराठीत लिहून ठेवा. कामगारांनी कागद मागून घ्यावा. तो मिळाला नाही तर संचालनालयाच्या नागपूरच्या कार्यालयाकडे लेखी कळवावं.